पांढरे ठसे
ब्रायटनचे शिल्पकार जेमी मॅकार्टनी यांनी ४०० जणींच्या योनीच्या बाहेरच्या भागाचे प्लास्टरचे ठसे घेतले आणि १० फलकांवर ओळीनं मांडले. एकासारखा दुसरा नाही. कुणाचे आतले ओठ बाहेर आलेले, कुणाची एक बाजू मोठी. सगळं नॉर्मलच, हे भाषणाशिवाय पटतं.

पण ठसे सगळे पांढरेशुभ्र! आपल्या बायकांची काळजी तर काळेपणाची असते. तिथली कातडी बाकी अंगापेक्षा गडद असणं नैसर्गिक आहे; तो मळ नव्हे. हे कुणी सांगत नाही, म्हणून बाई साबणानं घासत बसते, क्रीम आणते. खरं तर बाहेरून साधं पाणी पुरतं; आतून धुवायचंच नसतं.

आकाराची लाज या भिंतीनं घालवली. रंगाची मात्र तशीच राहिली.