खिडकीवरचं सूत्र

'द सोशल नेटवर्क'चा विषय निघाला की लोक बहुतेक शेवटाबद्दल बोलतात. वकिलांची खोली रिकामी झालीय, मार्क झकरबर्गने (जेसी आयझेनबर्ग) एरिकाला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवलीय आणि तो पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतोय. जगाला जोडायला निघालेला माणूस एकटा. डेव्हिड फिंचरच्या या चित्रपटाला तीन ऑस्कर मिळाले, त्यातलं एक ॲरन सॉर्किनच्या पटकथेला. ती या शेवटाच्याच दिशेने बांधलेली आहे: पहिल्या प्रसंगात जी मुलगी सोडून जाते, शेवटी तिच्याच उत्तराची वाट.

२०१० साली हा शेवट नेमका वाटला असणार. आज मला तो जुना वाटतो. वाईट नव्हे, जुना, एसटीडी बूथसारखा. पडद्यापलीकडे एक ठरावीक माणूस आहे, आपण त्याला ओळखतो आणि तो नाही म्हणू शकतो, हे त्यात गृहीत आहे. शिवाय मार्कला एरिकाच्या पानावर जावं लागतं, एखाद्याच्या दारात जावं तसं. फेसबुकवर न्यूज फीड आलं सप्टेंबर २००६ मध्ये, आणि दारात जाण्याची गरज तिथूनच कमी होत गेली. चित्रपटाच्या गोष्टीत न्यूज फीडला जागाच नाही.

पुढे काय झालं ते कोर्टाच्या कागदांत सापडतं. इन्स्टाग्राम (२०१२) आणि व्हॉट्सॲप (२०१४) विकत घेऊन मेटाने मित्र-नातेवाइकांना जोडणाऱ्या सेवांची मक्तेदारी टिकवली, असा खटला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने भरला होता. २०२५ मध्ये तो उभा राहिला तेव्हा मेटाचा बचाव असा, की आमची खरी स्पर्धा टिकटॉक-यूट्यूबशी आहे. पुराव्यात आकडे आले: अमेरिकेतले लोक फेसबुकवरच्या वेळातला १७ टक्के आणि इन्स्टाग्रामवरच्या वेळातला फक्त ७ टक्के वेळ मित्रांच्या गोष्टी पाहण्यात घालवतात. नोव्हेंबरमध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी मेटाच्या बाजूने निकाल दिला. मित्र आता मुख्य नाहीत हे दाखवून फेसबुकवाल्यांनी खटला जिंकावा, हा विनोद सॉर्किनलाही सुचला नसता.

म्हणून आता पाहताना मी सुरुवातीच्या एका प्रसंगापाशी थांबतो. ब्रेकअपच्या रात्री मार्क फेसमॅश बनवतो: दोन मुलींचे फोटो शेजारी-शेजारी, एक निवडा, पुढची जोडी. त्यासाठी एदुआर्दो (ॲन्ड्र्यू गारफिल्ड) हॉस्टेलच्या खिडकीच्या काचेवर बुद्धिबळपटूंच्या गुणांकनाचं सूत्र लिहितो. हे आर्पाद एलो यांचं. दोघांच्या गुणांतल्या फरकावरून निकालाचा अंदाज बांधायचा आणि खरा निकाल लागला की दोघांचे गुण सुधारायचे. मी नोकरीत खरेदीच्या ॲपवर वस्तूंची क्रमवारी लावतो, त्यामुळे या पद्धतीची खुबी मला रोज दिसते. तिला वस्तूबद्दल काहीही माहीत असावं लागत नाही. बोट कुठे पडलं एवढं पुरतं.

सॉर्किन नाटकाचा माणूस. त्याला प्रत्येक कृतीमागे दुखावलेलं मन लागतं, म्हणून त्याने एरिका हे कल्पित पात्र उभं केलं. त्या नादात फेसमॅश हा सूड किंवा पोरकटपणा ठरतो, आणि चित्रपट घाईने मैत्री, विश्वासघात, शेअर्स यांच्याकडे वळतो. ते सगळं रंगतदार आहे, संवाद तर अफाटच. पण टिकलं काय, तर अनोळखी चेहरे एकामागून एक समोर आणणारी ती रात्रच.

माझा हॉस्टेलमधला जुना रूममेट आता दुसऱ्या शहरात असतो. गेल्या आठवड्यात त्याने मला अकरा रील पाठवल्या. सगळ्या अनोळखी लोकांच्या, तीन खरोखर मजेदार. मीही हसण्याच्या इमोजी टाकल्या. त्याची नोकरी राहिली की गेली, हे मला त्यातल्या एकीतूनही कळलं नाही. आमचा संपर्क तुटलाय असं मात्र कुणी म्हणणार नाही.

फिंचरने ही गोष्ट पाहिली नव्हती असंही म्हणवत नाही. एदुआर्दो त्या रात्री खोलीत येतो तो मुळी सूत्र द्यायला नव्हे. मित्राचं ब्रेकअप झालंय हे वाचून तो धावत आलाय. मार्क म्हणतो, तू हवा आहेस. एदुआर्दोला वाटतं, धीर द्यायला. मार्कला ते बुद्धिबळवालं सूत्र हवं असतं. एदुआर्दो क्षणभर थांबतो आणि पेन उचलतो.