बातमीचा कर्ता कोण? : आकाशवाणी आणि समतोलाचा प्रश्न

आकाशवाणीच्या बातम्या एकतर्फी असतात, ही तक्रार आपल्या देशात नवी नाही आणि ती कोण्या एका पक्षाची वा समाजाची मिरासदारीही नाही. काँग्रेसच्या राजवटीत विरोधकांनी ती केली, पुढे ज्याचे सरकार गेले त्याने ती करायची असा रिवाजच पडून गेला. त्याहीआधी, १९४० च्या दशकात, ऑल इंडिया रेडिओचे प्रमुख अहमद शाह बुखारी होते. उर्दूचे वाचक त्यांना 'पतरस' म्हणून ओळखतात. त्या काळी बातम्यांच्या हिंदुस्तानीत उर्दू फार झाली, अशी हिंदीवाल्यांची ओरड होती. स्वातंत्र्यानंतर हीच भाषा संस्कृतकडे इतकी झुकली की तक्रारीची पाळी उर्दूवाल्यांवर आली. तक्रारदार बदलत राहिले, तक्रार तीच राहिली. म्हणूनच मुस्लिम समाजाच्या बैठकांत जेव्हा 'रेडिओ आपल्या विरुद्ध आहे' असे सरसकट वाक्य टाकले जाते, तेव्हा आम्हांला त्याने समाधान होत नाही. समीक्षा करायची तर पुरावा हवा, आणि बातमीच्या बाबतीत पुरावा म्हणजे तिची वाक्ये.

आम्ही शिक्षक. वाक्य समोर आले की कर्ता, कर्म, क्रियापद शोधण्याची खोड जात नाही. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याहून येणारे प्रादेशिक बातमीपत्र कोणीही आठवडाभर कागद-पेन्सिल घेऊन ऐकावे आणि नुसती क्रियापदे लिहून काढावीत. सत्तेवरील मंत्री 'सांगतात', 'स्पष्ट करतात', 'ग्वाही देतात', 'निर्देश देतात', 'लोकार्पण करतात'. विरोधी नेता 'आरोप करतो', 'टीका करतो', फार झाले तर 'दावा करतो'. सामान्य नागरिक 'मागणी करतात'. आता 'सांगितले' आणि 'आरोप केला' या दोन क्रियापदांत केवढे अंतर आहे पाहा. पहिल्यात बोलणाऱ्याचे म्हणणे खरे धरून चालले आहे, दुसऱ्यात ते आधीच संशयित ठरले आहे. दोघांना मोजून एकेक मिनिट दिले तरी हा तोल सुधारत नाही. वेळ मोजणारे घड्याळ हा समतोलाचा सर्वांत ढोबळ मापदंड आहे, आणि आपल्याकडची चर्चा बहुधा त्याच्यापुढे जातच नाही.

यात मुस्लिम माणूस कुठे आहे? तो क्वचितच कर्ता असतो. ईदच्या दिवशी त्याला शुभेच्छा 'दिल्या जातात', शिष्यवृत्तीची योजना त्याच्या 'साठी' असते, वसतिगृह त्याच्या मुलींना 'मिळणार' असते. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर अल्पसंख्याक समाज बातमीत चतुर्थी विभक्तीत येतो. नई जिंदगी किंवा विजापूर वेशीतला माणूस पाण्याबद्दल, यंत्रमागाच्या मंदीबद्दल, एस.टी.च्या भाड्याबद्दल काय म्हणतो हे बातमीला ठाऊक नाही, कारण पाणी आणि भाडे हे त्याचे प्रश्न आहेत असे बातमी धरत नाही. त्याचे प्रश्न म्हणजे वक्फ, मदरसा आणि तलाक! खेदाची गोष्ट अशी की हे असे मांडणारा वृत्तसंपादक दुष्ट असतो असे नाही. त्याच्या टेबलावर येणारा कागदच तसा असतो.

हा कागद कुठून येतो, हा खरा मुद्दा आहे. आकाशवाणीच्या वृत्तसेवेतील जबाबदारीच्या जागांवर भारतीय माहिती सेवेचे अधिकारी असतात. याच सेवेतले अधिकारी सरकारची पत्रके काढणाऱ्या पत्र सूचना कार्यालयातही असतात. आज जो सरकारची बाजू लिहितो, तोच उद्या बदली होऊन बातमीपत्राच्या खुर्चीत बसतो. त्याने एका रात्रीत पत्रकार व्हावे अशी अपेक्षा करणे म्हणजे घाण्याच्या बैलाने शर्यत जिंकावी असे म्हणणे आहे.

कायद्याने मात्र फार मोठी अपेक्षा केली आहे. प्रसार भारती कायदा १९९० चा. आपल्या सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेच हे वर्ष. या कायद्याचे बारावे कलम प्रत्येकाने एकदा वाचावे. नागरिकाला मोकळी, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याच्या हक्काचे रक्षण करणे, परस्परविरोधी मतांसह समतोल माहिती देणे आणि स्वतःचे कोणतेही मत वा विचारसरणी न लादणे, अशी कर्तव्ये त्यात आहेत. कायदा अंमलात यायला १९९७ उजाडले. मधल्या काळात, १९९५ साली, ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले होते. श्रोत्यांच्या तक्रारींसाठी प्रसारण परिषदेची तरतूदही कायद्यात केली गेली. आपल्यापैकी कोणी तिच्या दारात गेल्याचे ऐकिवात नाही. पैसा सरकारचा, माणसे सरकारची आणि स्वायत्तता कलमापुरती.

मागचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना ठाऊक आहे. सरकारने १९३० साली एप्रिलमध्ये नभोवाणी आपल्या हाती घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि 'गझनफर' हे पत्र चालवणारे कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांच्यासह फाशी गेले. सरकार आपल्या हाती बातमीचे यंत्र घेत होते आणि त्याच सुमारास या शहरातला पत्र चालवणारा एक मुसलमान फासावर चढत होता, हे आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात शेजारी शेजारी कुठे येत नाही. पुढे आणीबाणीत माहितीमंत्री विद्याचरण शुक्ल झाले, 'ऑल इंदिरा रेडिओ' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला, १९७६ साली किशोरकुमारची गाणी रेडिओवरून गायब झाली. १९७७ नंतर जनता सरकारने माध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली, वर्गीज समिती नेमली, आणि स्वायत्त महामंडळ काही झाले नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ ला पंतप्रधानांवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीने मृत्यूची बातमी दिली, आकाशवाणीने संध्याकाळची वाट पाहिली. एतबार गेला तो असा. मग २०१४ च्या ऑक्टोबरपासून पंतप्रधानांची 'मन की बात' दरमहा सुरू झाली, तर २०१७ च्या १५ ऑगस्टला त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे भाषण, ते बदलायला तयार झाले नाहीत म्हणून, प्रसारितच झाले नाही. १९६७ साली पश्चिम बंगालच्या बिगर-काँग्रेसी मुख्यमंत्र्यांच्या भाषणावरूनही असेच घडले होते. पक्ष वेगळे, पन्नास वर्षांचे अंतर, वागणूक एक.

आता एका अशा प्रसंगाकडे येतो जिथे आपला थेट संबंध आला. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय रोजच्या माहितीत कोरोनाचे रुग्ण सांगताना तबलीगी जमातशी संबंधित रुग्ण वेगळे काढून सांगत असे. १८ एप्रिलला १४,३७८ पैकी ४,२९१ असा आकडा दिला गेला. खाजगी वाहिन्यांनी त्याचे काय केले ते विसरणे शक्य नाही. भाजीवाल्यांची नावे विचारली जाऊ लागली. सरकारी बातमीपत्राची पद्धत अशी की मंत्रालयाकडून आलेला आकडा शांत आवाजात पुढे द्यायचा. आरडाओरडा नाही, विशेषण नाही. पण खरा आकडासुद्धा अर्धाच आकडा असू शकतो. एका गटाला शोधून शोधून तपासले आणि इतरांना तितके तपासले नाही, तर त्या गटात रुग्ण अधिक सापडणारच. 'किती जण तपासले?' एवढा एक प्रश्न बातमीत असता तर समतोल साधला असता. त्यासाठी दुसरी बाजू बोलवायचीही गरज नव्हती. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे म्हटले आणि माध्यमांतील प्रचारावर ताशेरे ओढले. आरोप रोज सांगितला गेला होता. निर्दोषपणा किती दिवस सांगायचा, याचा नियम कोणत्याही वृत्तसंहितेत नाही. आमच्या मते तो असावा.

एवढे लिहूनही आम्ही आकाशवाणीच्या बाजूने दोन शब्द बोलणार आहोत. दंगलीची बातमी देताना रेडिओवर कोणी किंचाळत नाही. मराठी शुद्ध, उच्चार स्वच्छ. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना प्रमाण मराठी कानावर पडावी म्हणून आम्ही आजही बातमीपत्र ऐकायला सांगतो. विडी वळणाऱ्या बाईचे हात गुंतलेले असतात, डोळे पानावर असतात. तिला टीव्ही उपयोगाचा नाही. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, २०११ च्या धोरणाने फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावण्याची मुभा दिली. म्हणजे रेडिओच्या पट्टीवर तिच्यापुढे बातमी एकाच हातून येते. मक्तेदारी असलेल्याने अधिक काटेकोर राहायला हवे, आमचे म्हणणे एवढेच आहे. २०२० साली पीटीआयची वर्गणी बंद करायची आणि २०२३ च्या फेब्रुवारीत संघाशी जवळीक असलेल्या हिंदुस्थान समाचारशी करार करायचा, हा काटेकोरपणा नव्हे.

आणि आपले काय? आपल्या उर्दू वर्तमानपत्रांची क्रियापदे तपासली तर तिथे आपले पुढारी 'फरमावतात' आणि विरोधक 'जहर ओकतात'. समतोल म्हणजे आपल्याकडे झुकलेला तराजू, अशी समजूत असेल तर आकाशवाणीवर टीका करण्याचा आपला हक्क कमजोर होतो. औरंगाबादहून उर्दू बातमीपत्र निघते, ही मोलाची गोष्ट आहे. पण बातमी उर्दूत मिळणे आणि बातमीत आपण कर्ता असणे या दोन वेगळ्या मागण्या आहेत, आणि आपण आजवर पहिलीच करत आलो.

जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून तिथली बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला. पुण्यात ओरड झाली, निर्णय स्थगित झाला. ७ वाजून ५ मिनिटांच्या बातम्या कुठून याव्यात यावर तेव्हा भरपूर लिहिले गेले. त्या दहा मिनिटांत कोण बोलतो आणि कोणाबद्दल बोलले जाते, हा प्रश्न सोलापूरहून एका साध्या पोस्टकार्डावर विचारता आला असता. अजूनही येतो. जिल्हा वार्तापत्र तयार करणाऱ्यांनाही तो विचारायला हरकत नाही. ते तर इथलेच आहेत.