हॅरियटचा ‘खरा’ वृत्तांत

१५८८ सालीं प्रसिद्ध झालेला टॉमस हॅरियट याचा व्हर्जिनियाविषयींचा वृत्तांत मथळ्यांतच स्वतःस ‘संक्षिप्त व खरा’ म्हणवितो. पहिलें विशेषण त्यास निःसंशय शोभतें. दुसऱ्याची परीक्षा केली पाहिजे.

१५८५-८६ मध्यें हॅरियट रोआनोक बेटावरील इंग्रजांच्या वसाहतींत राहिला होता. तेथील लोकांची भाषा त्यास अवगत होती. मका व तंबाखू यांचें त्याचें वर्णन आजहि टवटवीत वाटतें. परंतु ग्रंथाचा हेतु वसाहतीस माणसें व पैसा मिळविण्याचा असल्यानें लेखणी वारंवार व्यापाऱ्याच्या वहीकडे वळते. विंगिना राजानें दुखण्यांत इंग्रजांकडून प्रार्थना करविल्या, हें तो आवर्जून सांगतो. त्याच विंगिनास १ जून १५८६ रोजीं राल्फ लेनच्या माणसांनीं ठार मारलें, हें मात्र सांगत नाहीं. आपल्यांतील कांहींनीं लोकांस मारण्यांत अतिरेक केला, एवढ्या मोघम कबुलीवर भागवितो. १५८७ सालीं तेथें उतरलेल्या कुटुंबांच्या वांट्यास हेंच वैर आलें. १५९० मध्यें त्यांची वस्ती ओसाड आढळली.

या ग्रंथांतील असत्य शब्दांत थोडें, मौनांत फार आहे. तो अवश्य वाचावा. मात्र लेखक कोठें गप्प बसतो, तिकडे लक्ष ठेवूनच.