इंगित आणि देहबोली : पोकरच्या मेजावरील एका कोशाची चिकित्सा

'देहबोली' हा शब्द मराठीत आता चांगला रुळला आहे. तरीही भाषेच्या अभ्यासकाने तो वापरताना थोडे अडखळावे, असे त्याचे उत्तरपद आहे. जिची वाक्ये पाडता येत नाहीत आणि जी पुष्कळदा बोलणाऱ्याच्या इच्छेविरुद्धच बोलते, तिला बोली म्हणावे काय? हा प्रश्न निव्वळ परिभाषेचा नाही. बोली म्हटली की कोश आला, आणि कोश आला की अमुक हावभावाचा अमुक अर्थ असे ठरवून टाकण्याचा मोहही आला. या मोहाची परीक्षा घेण्यास पोकर या पत्त्यांच्या अमेरिकी खेळाइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. तेथे अर्थ लावणाऱ्याला चुकीची किंमत रोख मोजावी लागते.

या खेळाच्या 'टेक्सस होल्डेम' या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी क्रमाने मेजावर उघडी पडतात. मधल्या फेऱ्यांत पैजा लागतात. प्रतिस्पर्ध्यांनी पाने टाकून दिली, तर आपली पाने न दाखवताच डाव जिंकता येतो. हूल देण्याला या खेळात एवढे महत्त्व आले आहे ते याच नियमामुळे. समोरचा खरोखर बलवान आहे की हूल देत आहे, हे सुचविणाऱ्या त्याच्या शारीर खुणेला तेथील खेळाडू 'टेल' म्हणतात. त्यासाठी मराठीत 'इंगित' हा शब्द योजावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात मंत्रगुप्तीचा विचार करताना या शब्दाची व्याख्या केली आहे : इंगित म्हणजे नेहमीहून वेगळे वर्तन. आजच्या मराठीत इंगित म्हणजे मर्म किंवा गुपित. सूचकाचे नाव सूचिताला लागले, असा हा अर्थांतराचा प्रकार आहे. येथे मात्र कौटिल्याचा मूळ अर्थच अभिप्रेत आहे, आणि तो किती नेमका आहे हे पुढे दिसेल.

या विषयावरील सर्वाधिक प्रसिद्ध ग्रंथ माइक कॅरो या अमेरिकी खेळाडूचा असून तो १९८४ साली निघाला. ग्रंथाची मांडणी कोशासारखी आहे : खेळाडूचे छायाचित्र, त्यातील खूण, तिचा अर्थ, आणि तिच्यावर किती विसंबावे याची टक्केवारी. ही टक्केवारी दुबळ्या, मध्यम व तरबेज खेळाडूंसाठी निरनिराळी दिली आहे. ती प्रयोगातून निघालेली नसून दीर्घ निरीक्षणावर आधारलेला अंदाज आहे, हे वाचकाने विसरता कामा नये. परंतु ग्रंथाचे खरे बळ कोशात नाही, ते त्यामागील विभागणीत आहे. कॅरो खेळाडूंच्या खुणांचे दोन वर्ग करतो : नकळत घडणाऱ्या आणि अभिनयाने घडविलेल्या. नवे पान उघडताच आपल्या चकत्यांकडे चटकन नजर टाकणे हे पहिल्या वर्गातले, आणि ते बळाचे लक्षण. खांदे उडवून, सुस्कारा टाकून, नाइलाजाने लावल्यासारखी पैज लावणे हे दुसऱ्या वर्गातले. या दुसऱ्या वर्गासाठी त्याचे सूत्र असे की, जो दुबळेपणा दाखवितो तो बलवान आणि जो बळ दाखवितो तो दुबळा. टक लावून पाहणाऱ्यापेक्षा भलतीकडे पाहणाऱ्याला अधिक भ्यावे, हा त्याचा सल्ला याच सूत्रातून येतो.

आपल्या शास्त्रपरंपरेत वाढलेल्या वाचकाला ही विभागणी अगदीच अपरिचित वाटणार नाही. स्वेद, कंप, वैवर्ण्य इत्यादी आठ सात्त्विक भाव भरताने वेगळे गणले. नटाने ते मन एकाग्र केल्यावाचून साधत नाहीत, असे त्याचे म्हणणे. ज्याची नक्कल करणे कठीण त्याची साक्ष मोठी, हे तत्त्व येथे गृहीत आहे. कॅरोचे सर्वांत मार्मिक निरीक्षण नेमके कंपाविषयी आहे. पैज लावताना ज्याचा हात एकाएकी कापू लागतो तो हूल देत असावा, असे नवख्याला वाटते. कॅरो सांगतो की बहुधा त्याला उत्तम पाने मिळालेली असतात, आणि साठलेला ताण सुटल्यामुळे हात कापतो. कोशाला धक्का देणारे हे निरीक्षण कोशातच आले आहे, ही मौजेची गोष्ट आहे. नाट्यशास्त्रातही कंपाची कारणे शीत, भय, हर्ष, रोष अशी अनेक सांगितली आहेत. भय आणि हर्ष एकाच खुणेत उतरत असतील, तर त्या खुणेला अर्थ कोण देणार?

मम्मटाने काव्यप्रकाशाच्या चौथ्या उल्लासात हीच अडचण मांडली आहे. अश्रुपात हा शृंगाराचा अनुभाव होऊ शकतो, तसाच करुणाचा व भयानकाचाही. सुटा अनुभाव 'अनैकांतिक' असतो, म्हणून विभाव, अनुभाव व व्यभिचारी भाव एकत्र घेतल्यावाचून रसाचा निश्चय होत नाही. पोकरच्या मेजावर विभाव म्हणजे उघडी पडलेली पाने, पैजांचा क्रम, कोणाकडे किती चकत्या उरल्या ती परिस्थिती. ज्याने पैजांचा क्रम वाचला नाही त्याला कापणारा हात काहीच सांगणार नाही. कॅरो स्वतः मुरलेला खेळाडू असल्याने तो हा संदर्भ मनात धरून चालतो. त्याच्या कोशाचा वाचक मात्र तो सोडून देतो. छायाचित्राचा हा दोषच आहे की ते क्षण पकडते आणि क्रम गाळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इंगित म्हणजे नेहमीहून वेगळे वर्तन असेल, तर 'नेहमीचे' काय ते आधी ठाऊक हवे, आणि ते ज्याचे त्याचे असते. रे बर्डव्हिसल याने १९५२ साली देहचलनाच्या अभ्यासाची मांडणी करताना स्वनिमाच्या धर्तीवर 'काइनीम' ही कल्पना पुढे आणली. तरी कोणत्याही हालचालीला संदर्भाबाहेर सार्वत्रिक अर्थ नसतो, असाच त्याचा आग्रह होता. जॉन डाल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'राउंडर्स' (१९९८) या चित्रपटात टेडी नावाचा खेळाडू डाव चालू असताना कानाशी बिस्किट उकलतो, आणि त्याने ते खाल्ले की त्याची पाने भक्कम असतात, हे नायकाच्या ध्यानात येते. बिस्किटाचा हा अर्थ कोणत्याही कोशात सापडणार नाही. ती निव्वळ व्यक्तिबोली आहे. पुढे नायक आपण ही खूण ओळखल्याचे टेडीला मुद्दाम कळू देतो. त्याने टेडी भडकतो खरा, पण खूणही तेथेच मरते.

या प्रसंगातूनच तिसरा मुद्दा निघतो. इंगिताची किंमत ते अजाणता घडते तोवरच. त्याचा अर्थ उभयपक्षी ठाऊक झाला की ते संकेत बनते, आणि संकेताने खोटे बोलता येते. 'कॅसिनो रोयाल' (२००६) या चित्रपटातील ल शीफ्र आपली ओळखली गेलेली खूण मुद्दाम करून बाँडला फसवितो, ते याच न्यायाने. म्हणजे इंगितांचा कोश छापला जाताच त्यातील नोंदी जुन्या होऊ लागतात. देहाच्या खुणा बोली होतात त्या क्षणी त्यांची साक्ष संपते. 'देहबोली' या शब्दाविरुद्धचा आमचा आक्षेप थोडक्यात हाच.

मग वाचण्याजोगे काही उरतच नाही काय? उरते, पण ते भलत्या ठिकाणी असते. मायकेल स्लेपियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००९ च्या जागतिक स्पर्धेतील खेळाडू पैज लावतानाच्या चित्रफिती त्यांनी प्रेक्षकांना दाखविल्या : काहींना केवळ चेहरा, काहींना केवळ हात, काहींना कमरेवरचे सगळे शरीर. चेहरा पाहणाऱ्यांचे अंदाज उलट्या बाजूस झुकले, सगळे पाहणाऱ्यांना काही साधले नाही, आणि हात पाहणाऱ्यांचे अंदाज योगायोगाहून बरे ठरले. चकत्या पुढे सारण्याची सफाई हातातील पानांच्या गुणानुसार बदलत होती. हा लाभ माफक आहे, हे खरे. तरी त्यातून एवढे दिसते की खेळाडू ज्या अवयवावर पहारा ठेवतो तो फसवितो, आणि ज्याच्याकडे त्याचे लक्ष नसते तो थोडेफार सांगून जातो. ही जागा प्रसिद्ध झाल्यावर पहारा तेथेही बसेल, हे सांगणे नलगे.

हा विचार पत्त्यांच्या मेजापुरता नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ साली खरे-खोटे ओळखण्याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा माणसांचे निर्णय सरासरीने शेकड्यात ५४ वेळा बरोबर आढळले. नाणे उडविले तरी ५० बरोबर येतात. आणि आपण तर मौखिक परीक्षेत विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरून त्याचे ज्ञान वाचतो. प्रस्तुत लेखकाने अशा एका परीक्षेत हात कापणाऱ्या विद्यार्थिनीचे उत्तर अर्ध्यावरच तोडले होते. पुढे तिचा प्रबंध पुन्हा चाळताना ते उत्तर त्यात पुरते सापडले. तिच्या हाताचा कंप भयाचा होता, की नेमका येणारा प्रश्न निघाल्याच्या हर्षाचा, हे आता कळण्यास मार्ग नाही. पोकरमध्ये निदान काही डावांच्या अखेरीस पाने उलटी करावी लागतात आणि वाचणाऱ्याची चूक त्याच्या पदरात पडते. परीक्षेच्या मेजावर पाने उलटली जात नाहीत; तेथे चूक वाचणाऱ्याची असते आणि किंमत दुसरा मोजतो. कॅरोचा ग्रंथ अभ्यासकाने जरूर वाचावा. पण तो कोश म्हणून न वाचता, कोश कोठे थांबतो हे दाखविणारा ग्रंथ म्हणून वाचावा.