अंबाजोगाईचा दगड आणि हेमाद्रीचे नाव

अंबाजोगाईविषयी लिहिताना आमच्याकडील लेखकांची लेखणी ठराविक वाटेनेच जाते. आधी योगेश्वरी, मग मुकुंदराज, मग दासोपंत आणि त्यांची पासोडी. शेवटी, जागा उरलीच तर, हत्तीखान्याची लेणी आणि बाराखांबीचे सकलेश्वर मंदिर. देवीच्या वाट्याला चमत्कार येतात, संतांच्या वाट्याला भक्ती. दगडाच्या वाट्याला मात्र एकच शब्द येतो : 'हेमाडपंती'. माझा आक्षेप या शब्दावर आहे.

शब्द तपासून पाहावा. हेमाद्री हा यादव राजा महादेव (1261–1271) आणि नंतर रामचंद्र यांच्या दरबारातील मोठा अधिकारी. सकलेश्वराचा शिलालेख शके 1150 चा, म्हणजे 1228 चा. तेव्हा देवगिरीच्या गादीवर सिंघण होता. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याची कन्या लक्ष्मी हिने लढाईत पडलेल्या आपल्या भावाच्या स्मरणार्थ याच गावी देऊळ उभारले, ते शके 1162 मध्ये, म्हणजे 1240 मध्ये. महादेवाचे राज्य सुरू व्हायलाच तेव्हा वीसेक वर्षे अवकाश होता. चुन्यावाचून दगडावर दगड बसवायचा, खाचेत खाच अडकवायची आणि वजनानेच वजन तोलून धरायचे, ही विद्या हेमाद्रीच्या आधीपासून या काळ्या दगडाच्या प्रदेशात रुजलेली होती.

हेमाद्रीच्या नावावर आहे तो 'चतुर्वर्गचिंतामणि' : व्रते, दाने, श्राद्धे यांचा प्रचंड ग्रंथ. ज्या व्यवस्थेने श्रमाला हीन ठरविले तिचे विधिनिषेध ज्याने एकत्र बांधले, त्याच्याच खात्यावर श्रमाचे सर्वात टिकाऊ कर्तृत्व जमा झाले! (महानुभाव परंपरा चक्रधरांच्या छळाशीही याच हेमाद्रीचे नाव जोडते.) कालाची ही विसंगती अभ्यासकांनी केव्हाच दाखवून दिलेली आहे. तरीही पाठ्यपुस्तकातून, पर्यटनाच्या फलकांवरून शब्द हलत नाही. लिहिणारा कर्ता आणि घडविणारा निनावी, हा न्याय आपल्या भाषेच्या अंगवळणी पडला आहे, म्हणूनच तो हलत नाही.

येथे एक धोका मला दिसतो, आणि तो आपल्या बाजूचा आहे. 'ही देवळे आमच्या पूर्वजांनीच बांधली' असे आवेशाने लिहिणारे आपल्यातही आहेत. पुरावा नसताना असे म्हणणे ही उलट्या बाजूने लिहिलेली पोथीच होय. कोरणारे पाथरवट कोण, दगड खाणीतून काढणारे कोण, ओढून आणणारे कोण, यांची जात आज सांगता येणार नाही. पण त्या काळात बांधकामावर कोणाला जुंपले जाई याची एक साक्ष परंपरेनेच जपली आहे : चोखामेळा 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंतीखाली दबून मेले. त्यांची समाधी पंढरपूरला आहे, महाद्वाराबाहेर. भिंत बांधायला महार चालला. देवळाच्या आत मात्र त्याची जात 1947 पर्यंत, साने गुरुजींच्या उपोषणापर्यंत, चालली नाही.

हत्तीखान्यात मी विद्यार्थ्यांना नेतो तेव्हा मूर्ती शेवटी दाखवतो. आधी टाकीचे घाव दाखवतो. लेणे वरून खाली कोरत आणावे लागते. खांब ठेवायचा तेथे दगड राखावा लागतो, हत्ती हवा तेथे हत्तीएवढा. एकदा जादा उडालेला कपचा परत बसविता येत नाही. म्हणजे पहिला घाव घालण्यापूर्वी सगळे लेणे कोणाच्या तरी डोक्यात उभे असले पाहिजे. हे ज्ञान आहे, निव्वळ हमाली नव्हे. आणि ते ज्यांच्याजवळ होते त्यांना शास्त्रकारांनी शूद्र म्हटले. वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी 1972 च्या दुष्काळात कोणी ना कोणी खडी फोडलेली असते. बेसाल्ट किती चिवट असतो हे त्यांना भूगोलाच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. आजही जिल्ह्यातले वडार पाटे-वरवंटे घडवतात, त्यांचा समावेश सरकारच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे, आणि कलेच्या इतिहासात त्यांना ओळही नाही.

मी उत्तरपत्रिकेत 'यादवकालीन पाथरवटांची बांधणी' असे लिहायला सांगतो. मुले म्हणतात, "सर, 'हेमाडपंती' लिहिल्याशिवाय मार्क मिळत नाहीत." मी सांगतो, दोन्ही लिहा, पण पाथरवट आधी.