सुबोधतेची कसोटी

अमेरिकन मराठी मिशनने 1842 साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. धर्मप्रसार हा त्याचा मुख्य हेतू असला, तरी सृष्टिविज्ञानालाही त्यात स्थान मिळे. मराठीतील अशा लेखनाचे मोल बहुधा शब्दांच्या सोपेपणावरून ठरविले जाते. ही कसोटी अपुरी होय. चंद्रग्रहणाचे उदाहरण घ्यावे. ‘पृथ्वीची सावली चंद्रावर पडते’ हे वाक्य सुबोध खरे. परंतु मग दर पौर्णिमेस ग्रहण का होत नाही, या शंकेपाशी ते अडते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी तिरपी असल्यामुळे पौर्णिमेचा चंद्र बहुधा त्या सावलीच्या वरून अथवा खालून निघून जातो, एवढे सांगितल्यावर शंका फिटते. येथे ‘कक्षा’ हा पारिभाषिक शब्द येतो. तो टाळल्यास कारणच निसटते. उलट ‘ग्रहण लागले’, ‘ग्रहण सुटले’ या प्रयोगांत ग्रासण्याची जुनी कल्पना असली, तरी ते वर्ज्य मानण्याचे कारण नाही. ‘सूर्य उगवला’ असे ज्योतिर्विदही म्हणतो. समज बदलते ती शब्द बदलल्याने नव्हे, तर पुढच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याने. सुलभ विज्ञानलेखाची परीक्षा तेथेच व्हावी.