चित्रकथाकार आणि त्याची जत्रा

मराठीत चित्रकथेला वाचक पुष्कळ आहेत, पण टीकाकार नाही, ही गोष्ट आम्हांस फार दिवसांपासून ठाऊक होती. मात्र या उणिवेचा जाब एके दिवशी आम्हांलाच द्यावा लागेल, अशी कल्पना नव्हती. आमच्या कोल्हारचा एक तरुण चित्रकार, आमचाच जुना विद्यार्थी, गेल्या हिवाळ्यात मुंबईस भरलेल्या चित्रकथाप्रेमींच्या मेळाव्यास स्वतःचे पुस्तक घेऊन गेला होता. शनिवार आणि रविवार असे दोन दिवस तो एका टेबलामागे बसला, आणि सोमवारी नाशिक-संगमनेरवरून एस. टी. ने परत येऊन सायंकाळी आमच्या घरी आला. त्याने सांगितलेला वृत्तान्त ऐकून आमच्या मनात जे विचार आले, ते वाचकांपुढे मांडावेत एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

असे मेळावे भरविण्याची प्रथा मूळची अमेरिकेतील. सान दिएगो येथे १९७० साली भरलेल्या तीन दिवसांच्या मेळाव्यास सुमारे ३०० माणसे आली होती; पुढे तीच संख्या लाखावर गेली. आपल्या देशात पहिला मोठा मेळावा १९ व २० फेब्रुवारी २०११ रोजी दिल्लीत भरला, आणि पुढे मुंबईने त्याचे अनुकरण केले. म्हणजे ही हौस आपल्याकडे अगदी अलीकडची. तेथे तरुण मंडळी आपापल्या आवडत्या वीरांची सोंगे घेऊन हिंडतात. हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातील अकोल्याच्या डोंगरी भागात होणारा बोहाडा आठवावा. तेथेही मुखवटे चढवून देवादिकांची सोंगे नाचतात आणि पाहणारे त्यांस भक्तिभावाने हात जोडतात. सोंगाची हौस परकी नाही. प्रश्न निराळाच आहे. मुखवट्यास हात जोडणाऱ्या गर्दीत तो मुखवटा घडविणाऱ्यास कोण ओळखतो?

आमच्या विद्यार्थ्यास या प्रश्नाचा अनुभव पहिल्याच दिवशी आला. त्याच्या टेबलाभोवती गर्दी नव्हती असे नाही. परंतु त्याच्या पुस्तकापेक्षा, त्याने उभ्या उभ्या काढून दिलेल्या बॅटमॅन आणि नागराज यांच्या चित्रांना गिऱ्हाईक अधिक. नागराजाचे चित्र घेणाऱ्या एका गृहस्थास त्याने सांगितले की, १९८६ साली अवतरलेल्या या वीराची आरंभीची चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी काढलेली आहेत. त्या गृहस्थाने लहानपणापासून नागराज वाचला होता; मुळीकांचे नाव तो प्रथमच ऐकत होता.

दिल्लीच्या त्या पहिल्या मेळाव्यात 'अमर चित्र कथा'चे जनक अनंत पै यांना जीवनगौरव देण्यात आला, आणि अवघ्या पाच दिवसांनी, २४ फेब्रुवारी रोजी, त्यांचे निधन झाले. हा गौरव सर्वथा उचित होता, याविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. तथापि पै हे संपादक आणि कथाकार होते. त्यांच्या मालेतील 'कृष्ण' ज्यांच्या हाताने उतरला, ते राम वाईरकर २००३ सालीच दिवंगत झाले होते. ज्या हाताने कृष्णाची सौम्य, गोलाईदार, पूजेच्या तसबिरीशी नाते सांगणारी रेषा काढली, त्याच हाताने १९८३ पासून 'टिंकल' मासिकात सुप्पंडी नावाच्या भोळसट गड्याची चार फटकाऱ्यांत उभी राहणारी आकृती काढली. एक रेषा भक्तीची, दुसरी विनोदाची; दोन्ही एकाच लेखणीच्या. एखाद्या कवीने असे दोन टोकांचे रस साधले असते, तर आम्ही प्राध्यापक मंडळींनी त्याच्यावर निदान दोन प्रबंध लिहिले असते. वाईरकरांच्या पश्चात त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी सुप्पंडी पुढे चालविला. सुप्पंडी घरोघर ठाऊक आहे. हे कुटुंब किती घरांत ठाऊक आहे?

येथे कोणी म्हणेल की, चित्रकथा ही पोरांची करमणूक, तिला टीकाकार हवा कशाला? यास उत्तर आपल्याच इतिहासात आहे. चित्रकथी लोक गावोगाव चित्रांची पोथी दाखवीत आणि रामायण-महाभारतातील आख्याने गात. त्या चित्रांकडेही एके काळी खेड्यातल्या सायंकाळची करमणूक म्हणूनच पाहिले गेले. आज ती पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जतन केलेली आहेत, आणि ही कला जिवंत ठेवणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. परंतु संग्रहालयातील त्या जुन्या चित्रांसमोर उभे राहून 'हे कोणी काढले?' असे विचारले, तर बहुधा उत्तर मिळत नाही. त्या काळच्या पंडितांनी पोथ्यांवर टीका लिहिल्या, चित्रांवर नाही. आम्हीही तीच चूक पुन्हा करीत आहोत.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या पुस्तकाविषयी. प्रवरेच्या काठी उसाचा हंगाम सुरू झाला की बीडकडून आणि पाथर्डीकडून ऊसतोडीची कुटुंबे येतात व कोप्या घालून राहतात. त्यांतील एका बाईचा एक दिवस, एवढेच या बत्तीस पानी पुस्तकाचे कथानक आहे. चित्रे काळ्या शाईची. ती बाई पहिल्या पानापासून पाठमोरी तरी दिसते, नाही तर डोक्यावरच्या मोळीखाली झाकलेली. रात्री फळीवरून चढून ट्रकमध्ये मोळ्या टाकण्याचा प्रसंग विशेष साधला आहे. जसजशी ती वर चढते, तसतशा चौकटी उंच व अरुंद होत जातात, आणि चार पाने एकही शब्द नाही. वाचकाचा श्वास त्या अरुंदपणात आपोआप कोंडतो. शेवटच्या पानावर ती कोपीत मुलाजवळ आडवी होते, तेव्हा कंदिलाच्या उजेडात तिचा चेहरा प्रथमच दिसतो. येथे चित्रकार थांबता तर बरे होते. त्याने त्याच चौकटीत 'तिलाही चेहरा होता' असे वाक्य घातले आहे. जे रेषेने सांगून झाले, ते शब्दाने पुन्हा सांगणे हा आपल्या रेषेवरचा अविश्वास होय. हा दोष लहान नव्हे.

मेळाव्यात हा दोष त्यास कोणीही दाखविला नाही. आणि ती चार मुकी पाने किती चांगली आहेत, हेही कोणी सांगितले नाही. 'छान', 'मस्त' असे म्हणून लोक छायाचित्र काढून घेत आणि पुढे जात. अपवाद एकच. रविवारी दुपारी बारा-तेरा वर्षांची एक मुलगी पुस्तक चाळता चाळता मध्येच थांबली आणि म्हणाली, "दादा, या बाईचं तोंड कुठंच का नाही दाखवलं?" त्याने "पुढची पानं बघ" एवढेच सांगितले. तिने शेवटपर्यंत पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि आईकडे पैसे मागितले. "सर, दोन दिवसांत चित्राविषयी विचारलेला तेवढा एक प्रश्न," असे तो आम्हांस म्हणाला.

आमच्या जुन्या अलंकारशास्त्राने 'सहृदय' असा एक सुंदर शब्द दिला आहे. जत्रेतील प्रेम भक्ताचे असते. ते दैवताचे गुणदोष पाहत नाही, आणि पाहू नयेच. कलावंताचे पोट अशा प्रेमावर भरते, म्हणून त्याची हेटाळणी करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु केवळ त्या प्रेमावर कला वाढत नाही. तिला 'हे असे का काढले?' असे विचारणारा सहृदय लागतो. ते काम त्या मुलीने केले. वास्तविक ते आमचे होते. हा तरुण आमच्या वर्गात असता त्याच्या वहीच्या समासांत चित्रे असत, आणि एकदा त्यांखाली आम्ही 'लक्ष पुस्तकात असावे' असा लाल शाईने शेरा मारला होता. तो शेरा त्याच्या अद्याप ध्यानात आहे. चित्र कोणते होते, हे मात्र आम्हांस आठवत नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, ज्या मासिकांत कविता-कादंबऱ्यांची परीक्षणे नियमाने येतात, त्यांनी चित्रकथेस वर्षातून तीन-चार वेळा तरी जागा द्यावी, आणि परीक्षणात कथेबरोबर रेषेचाही विचार व्हावा. लेखकाच्या नावाशेजारी चित्रकाराचे नाव तितक्याच ठळक अक्षरांत छापावे. आमचा विद्यार्थी दुसऱ्या पुस्तकाची कच्ची पाने घेऊन येत्या रविवारी यावयाचा आहे. या खेपेस आम्ही लाल शाई बाजूस ठेवून पेन्सिल घेतली आहे, आणि प्रथम चित्रेच पाहणार आहोत.